बिनछपराची राजसभा

म्हाळसा कुंभारणीच्या अंगणात वीस हजार कौलं रचून ठेवली होती आणि त्यातलं एकही विकलं जात नव्हतं. कारण सुवर्णपेठ नगरीत एकही इमारत छपरापर्यंत पोचतच नव्हती!

याचं सगळं श्रेय राजा उदयभानाला. त्याला मुहूर्तांचा भारी नाद. पंचांगात चांगला दिवस दिसला की नव्या इमारतीसाठी कुदळ मारायची, पेढे वाटायचे आणि जुन्या कामावरचे सगळे गवंडी उचलून नव्या कामावर न्यायचे! धर्मशाळेच्या भिंती कमरेएवढ्या झाल्या, तोच पाठशाळेचा मुहूर्त निघाला. पाठशाळेला चौकटी बसल्या, तोच घोड्यांच्या पागेचा. सात वर्षांत चाळीस इमारती सुरू झाल्या होत्या. पुऱ्या किती झाल्या, हे विचारणं असभ्यपणाचं मानलं जाई.

लोक कुरकुरत, पण त्यांची कुरकुरही ठरलेली. "आपल्या नगरीचा पार कोरडगड झालाय!" कोरडगड म्हणजे डोंगरापलीकडचं दरिद्री राज्य. तिथं कुणीच कधी गेलेलं नव्हतं, त्यामुळे तिथलं सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. गटार तुंबलं की कोरडगड. लोणच्याला बुरशी आली तरी कोरडगडच!

एक दिवस म्हाळसाही भर बाजारात हेच ओरडली. आणि तिच्या दुर्दैवानं मागेच राजाची पालखी उभी होती.

"काय म्हणालीस?" राजा पालखीतून अर्धा बाहेर आला. "माझी सुवर्णपेठ त्या भिकारड्या कोरडगडासारखी?"

दुसरी कुणी असती तर तिनं पाय धरले असते. म्हाळसा म्हणाली, "महाराज, माझ्या अंगणात कौलांचा डोंगर झालाय. ती घालायला एक छप्पर दाखवा, शब्द मागे घेते!"

"असं? मग ऐक! येत्या पौर्णिमेला कोरडगडाचा दूत येतोय. सुवर्णपेठेत आणि कोरडगडात काडीचंही साम्य नाही, असं त्यानं भर सभेत स्वतःच्या तोंडानं म्हटलं पाहिजे. ते तू घडवून आणायचंस. नाही जमलं, तर तुझी भट्टी मोडून तुला वेशीबाहेर काढीन!"

"आणि हाताशी गवंडी किती देणार?"

"एकही नाही! उद्या नाट्यशाळेचा मुहूर्त आहे. ती एक्केचाळिसावी इमारत!"

नवरा गेल्यापासून म्हाळसा एकटीच भट्टी चालवत होती. भट्टी गेली की चूलही गेली. पण घाबरल्याचं दाखवेल तर ती म्हाळसा कसली!

"मग एवढंच करा, महाराज. दूताला भेटायची सभा आपल्या नव्या राजसभेत भरवा. आणि भर दुपारी!"

राजा खूश झाला. नवी राजसभा त्याची सर्वांत लाडकी. प्रधानजींनी मात्र चुळबुळ केली. "महाराज, तिला अजून छप्पर..."

"छप्पर काय बघताय? खांब बघा, खांब! असे कोरीव खांब कोरडगडात आहेत का?"

प्रधानजींनी निमूटपणे खांब बघितले.

चैत्री पौर्णिमा उजाडली. दुपारी डोकं भाजून काढणाऱ्या उन्हात दरबार भरला. सरदार पागोट्यांतून घाम निथळत बसले. कोरडगडाचा दूत रखमाजी आला. अंगरख्याला ठिगळं, पायांवर धूळ, पण चाल ताठ. त्यानं मुजरा केला आणि वर पाहिलं. वर एक घार घिरट्या घालत होती.

"महाराज," तो अदबीनं म्हणाला, "आपण आत कधी जायचं?"

"हेच आत आहे!" राजा म्हणाला.

रखमाजी उपरणं डोक्यावर घेऊन खाली बसला.

"दूत महाशय," राजानं छाती फुगवून विचारलं, "आमच्या नगरीत काही लोक म्हणतात, सुवर्णपेठ कोरडगडासारखी झाली आहे. तुमचं काय मत?"

रखमाजी ताडकन उठला. "कोण म्हणतं असं? महाराज, आम्ही गरीब आहोत, कबूल! आमच्या राजसभेच्या भिंती मातीच्या आहेत, वर गवताचं छप्पर आहे. पण छप्पर आहे! एक घर शाकारून झाल्याशिवाय आमच्याकडे दुसऱ्याचा पाया खणत नाहीत. तुमच्यात आणि आमच्यात काडीचंही साम्य नाही! पुन्हा कुणी अशी तुलना केली, तर कोरडगड तो अपमान समजेल!"

राजाचा चेहरा आधीच उन्हानं लाल झाला होता, तो आणखी लाल झाला.

म्हाळसा पुढे आली. "ऐकलंत ना, महाराज? भर सभेत, स्वतःच्या तोंडानं!"

"म्हणजे तू बाजारात खोटं बोललीस!" राजा गरजला.

"साफ खोटं!" म्हाळसानं रखमाजीपुढे हात जोडले. "माफ करा दादा, न बघता बोलले. आमच्या नगरीचा कोरडगड झालाय म्हणाले. कसला झालाय! तिथवर पोचायला आम्हाला अजून एक्केचाळीस छपरं घालावी लागतील!"

घामाचा एक थेंब राजाच्या नाकावरून टपकन मांडीवर पडला. आणि मग तो असा खदखदून हसला, की खांबांवरची कबुतरं उडाली.

"जिंकलीस! तुझी सगळी कौलं राजवाड्यानं घेतली, आणि पुढची भाजशील तीही! आता नवा मुहूर्त नाही. बोल, पहिलं छप्पर या राजसभेवरच चढवायचं ना?"

"छे, महाराज! राजसभा सगळ्यांत शेवटी. आणि तोवर रोजचा दरबार इथंच भरवा, अस्साच भर दुपारी. बाकीची चाळीस छपरं पावसाच्या आत होतात की नाही बघा!"

राजा पुन्हा पोट धरून हसला. त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून म्हाळसाला दिलं आणि तिचं म्हणणं तिथल्या तिथं मान्य करून टाकलं.

प्रधानजींनी तेवढी एक छत्री मागवली.