मार्लबर्गच्या मैदानातले धुराडे

अमेरिकेतल्या मार्लबर्ग गावच्या स्टेडियमला आता काचेच्या गॅलऱ्या आहेत, सरकते जिने आहेत, आणि एवढ्या थाटामाटात एका कोपऱ्यातून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, एक जुनाट धुराडे वर आलेले दिसते. सामन्याच्या दिवशी लोक आधी तिकडे बघतात. त्यातून धूर निघेपर्यंत घरच्या संघासाठी कोणी टाळीसुद्धा वाजवत नाही. कोल्हापुरात ओतकामात उमेदीची वर्षे घालवून लेकीकडे राहायला आलेले तात्या हुपरीकर येणाऱ्यांना हे मैदान दाखवतात. एखाद्या नवख्याने हौसेने आरोळी ठोकलीच, तर ते दटावतात, "थांबा की जरा. आधी धूर येऊ दे, मग काय बोंबलायचं ते बोंबला." आणि धूर येईतो धुराड्याची हकिकत सांगतात.

फार पूर्वी म्हणे हे गाव सगळे ओताऱ्यांचे होते. बीड वितळवायचे आणि शेगड्या ओतायच्या, एवढाच धंदा. बर्फाच्या मुलखात घरोघरी शेगडी हवीच, आणि ती मार्लबर्गचीच हवी, असा गावाचा लौकिक. याच ओताऱ्यांनी पुढे फुटबॉलचा संघ काढला आणि तिकीट लावून खेळू लागले. हा अमेरिकेतला फुटबॉल बरे का. नाव पायाचे, मदार सगळी हातांवर. लांबट चेंडू छातीशी कवटाळून पळायचे आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला लोळवायचे. संघाचे नावही 'मोल्डर्स', म्हणजे ओतारीच.

संघाचा कप्तान एमिल क्रेमर. अंगाने दांडगा आणि कामात वाकबगार. त्याच्या हातचे ओतकाम कधी तडकत नाही, असे लोक म्हणत. पण चषकाचा शेवटचा सामना दर वर्षी डोंगरातले कोळसा खाणीचे मजूर जिंकून नेत, आणि मग वर्षभर गाव एमिलला टोचून खाई. न्हाव्याच्या खुर्चीत तोच विषय, चर्चच्या पायरीवर तोच. अखेर त्या वर्षी सामना मार्लबर्गला आला. थंडी अशी, की श्वास मिशीवर गोठावा.

सामन्याच्या सकाळी एमिल मैदानालगतच्या, पाहुण्या संघाच्या खोलीत एकटाच शिरला, शेगडीतली जाळी त्याने उपसली आणि आपल्या संघाच्या खोलीत बाकाखाली दडवली. जाळीशिवाय कोळसा धरत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होते. ती जाळी त्यानेच ओतलेली होती.

खाणवाले कुडकुडत आले. त्यांचा कप्तान टॉमस रीस याने शेगडी थंड कशी, म्हणून विचारले.

"जाळी फुटलीय," एमिल म्हणाला. "नवी ओतायला टाकलीय."

"मार्लबर्गची जाळी फुटली?" रीसला नवलच वाटले. "आमच्याकडे आईच्या वेळची आहे, अजून शाबूत." मग यजमान ओशाळला असे वाटून त्यानेच समजूत घातली, "असू द्या हो. आम्हाला गारठ्याची सवय आहे."

एमिल त्याच्याकडे न बघता बाहेर पडला. तेव्हाच मागे फिरून जाळी आणायची होती. पण मोह वाईट. डोळ्यांपुढे चषक नाचत होता.

सामना अटीतटीचा झाला. अगदी शेवटी रीस चेंडू घेऊन सुटला, पुढे अडवायला कोणी नव्हते, आणि चेंडू त्याच्या बोटांतून गळून पडला. तो एमिलने उचलला आणि मार्लबर्ग जिंकले. गावाने एमिलला खांद्यावर घेतले.

तो खाली उतरतो तोच रीस समोर आला. त्याने हात पुढे केला, पण बोटे वळेनात. पांढरीफटक पडली होती.

"माफ करा," रीस म्हणाला. "इतकी माणसं तिकीट काढून आली, आणि आम्ही तुम्हाला धड झुंज दिली नाही. हात चाललेच नाहीत."

एमिलला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शिवी असती तर उलटून देता आली असती. माफीला काय उत्तर द्यायचे? ज्या गावाने साऱ्या मुलखाला ऊब दिली, त्याने दारी आलेल्यांना गोठवले, आणि ते आपल्या हातून झाले. तो आत गेला, बाकाखालची जाळी काढली आणि गावादेखत दोन्ही हातांत धरून मैदान ओलांडू लागला. जयजयकार हळूहळू विरला. ती जाळी काय आहे, हे त्या ओताऱ्यांना सांगावे लागले नाही. कोणी कोणाकडे बघेना.

पाहुण्यांच्या खोलीत गुडघे टेकून त्याने जाळी बसवली, शेगडी पेटवली आणि मान खाली घालून म्हणाला, "जाळी फुटली नव्हती."

रीस शेगडीजवळ सरकला. त्याने हात शेगडीपुढे धरले. त्यातली दोन बोटे पुढे कापावी लागलीच, असे सांगतात. एमिल चषक देऊ लागला, तो रीसने घेतला नाही. मग त्या चषकाला गावात कोणी कपाट दिले नाही.

आजही तो पाहुण्यांच्याच खोलीत आहे, आणि शेगडी पेटवायच्या काटक्या त्यात ठेवतात. आजही सामन्याआधी घरचा कप्तान, मग तो केवढाही नावाजलेला असो, तिथे जातो, तीच जाळी काढून पाहुण्या कप्तानाच्या हातात देतो आणि "फुटलेली नाही" एवढेच म्हणतो. मग गुडघे टेकून शेगडी पेटवतो. ऑगस्टच्या उकाड्यातही हे चुकत नाही. बिचारे पाहुणे घामाघूम होतात, पण विझवा म्हटल्याचे ऐकिवात नाही. घरच्या संघाच्या खोलीत मात्र शेगडी नाही, हिवाळ्यात ते कुडकुडतच मैदानात येतात. आणि बाहेर सारे गाव मान खाली घालून उभे असते. त्या शेगडीच्या धुराड्यातून धूर निघाला, की मगच माना वर होतात.