बेडकांचे सहा एमबी

आवाज ऐकून बेडूक ओळखायचा खेळ नववीतल्या मृणाल गेडामने स्वतः संगणकावर बनवला होता. जिल्हा विज्ञान स्पर्धेच्या पोर्टलवर तो आज पाचच्या आत चढवायचा होता. खेळ सहा एमबीचा आणि पोर्टल दोनच्या वर काही घेईना. मृणालने तडक स्पर्धेचं कार्यालय गाठलं.

स्पर्धाप्रमुख पाठराबे साहेबांनी मान वर न करता निकाल दिला, "आवाज काढून टाक."

"सर, मग बेडूक ओळखायचे कशावरून?"

"ते तू बघ! मर्यादेचं परिपत्रक वाचलं नाहीस? अर्ध्या पानात सगळं बसवलंय मी."

"पोर्टलवर दिसलं नाही, सर. आत्ता चढवता का? सगळ्यांनाच कळेल."

साहेबांना हुरूप आला. कार्यालयाच्या रीतीप्रमाणे कागद छापून, निळी सही आणि जांभळा शिक्का मारून, रंगीत स्कॅन केलेला होता. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: फाइल नऊ एमबी, स्वीकारता येत नाही.

"सोपं आहे, सर," मृणाल म्हणाली. "सही-शिक्का काढून टाका. नुसता टाइप केलेला मजकूर सहज बसेल."

"अगं, सहीशिवाय परिपत्रकाला अर्थ काय?" साहेब कडाडले.

"आवाजाशिवाय माझ्या बेडकांना जेवढा, तेवढाच."

खोलीतले कारकून खाली बघून हसू लागले. साहेबांनी मुकाट्याने संगणकवाल्याला फोन लावला. साडेचारला मर्यादा दहा एमबी झाली आणि पावणेपाचला मृणालचे बेडूक पोर्टलवर डरांव डरांव करू लागले.