तीन उण्यांची घोंगडी

एका डोंगराखालच्या गावात एक मेंढपाळ राहत होता. नाव मायाप्पा. मेंढरांचा मोठा कळप, दोन लेकी, एक लेक आणि शहाणी बायको, असं त्याचं भरलेलं घर होतं. माणूस तसा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि घालण्याआधी आपापल्या घरात एकदा बघून घ्या म्हणजे झालं.

त्या गावाची एक रीत होती. कुठलीही वस्तू घ्यायची, तर आधी तिची तीन उणी काढायची आणि मगच घ्यायची. मडकं घेताना म्हणायचं, बूड वाकडं आहे, कच्चं भाजलंय, आवाज बद्द येतोय. आणि हे सगळं म्हणून तेच मडकं छातीशी धरून घरी न्यायचं. चांगल्याला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते आणि करणारा डोक्यावर बसतो, असं त्या लोकांना वाटे. गावातल्या कुंभाराला, चांभाराला हे ठाऊक होतं. ते गालात हसत आणि दुसरं मडकं, दुसरा जोडा पुढे करत. कुणाला काही लागत नसे.

या गावात घोंगड्या विणणारं सनगराचं एकच घर होतं. त्या घरात लांबच्या मुलखातून एक सून आली, शेवंता तिचं नाव. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच पटकीची साथ आली आणि तिचा सासरा आणि नवरा दोघंही गेले. मागे राहिली ही एकटी पोर आणि एक माग. विणकाम ती माहेरी बापाच्या हाताखाली शिकली होती. तिनं डोळे पुसले आणि मागावर बसली.

आता गावाची रीत तिला कोण सांगणार? पाणी कसं प्यायचं हे कुणी कुणाला सांगतं का? सगळ्यांना वाटलं, तिला ठाऊक असेलच.

शेवंतानं विणलेली पहिली घोंगडी मायाप्पानं घेतली. हात लावल्याबरोबर तो चमकला. वीण अशी घट्ट, की त्यानं वर तांब्याभर पाणी ओतलं तर ते नुसतं ओघळून गेलं. चिंचोक्याची खळ अशी बसली होती, की घोंगडी अंगावर घेतली तर वारा बाहेरच उभा राहावा. त्याच्या बापानंसुद्धा अशी घोंगडी पाहिली नव्हती. चार माणसं बाजूला उभी होती. मायाप्पानं तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "जड आहे. अंगाला टोचते. आणि काठ कसला हा, मळकट."

शेवंतानं मान खाली घातली. "बरं मामा. पुढच्या खेपेला बघते."

घरी येऊन मायाप्पानं घोंगडी बायकोपुढं पसरली आणि संध्याकाळपर्यंत तिचंच कौतुक सांगत बसला. "अगं, हात नाही तो, देणं आहे देवाचं. या मुलखात अशी विणकर झाली नाही."

बायको म्हणाली, "मग हे तिला सांगितलंत का?"

"खुळी का काय तू? लोक काय म्हणतील?"

ती घोंगडी थोरल्या लेकीबरोबर तिच्या सासरी गेली.

दुसऱ्या वर्षी मायाप्पा पुन्हा शेवंताच्या दारात उभा राहिला. घोंगडी हातात घेतली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. ती हलकी होती. शेवंता उत्सुकतेनं त्याच्याकडं बघत होती. "मामा, तुम्ही जड म्हणाला होता ना? या खेपेला सूत बारीक कातलंय. बरं झालंय का?"

मायाप्पाला तेव्हा सगळं कळलं. ही पोर आपलं बोलणं खरं धरून बसली आहे, हे त्याला लख्ख दिसलं. एकच वाक्य बोलायचं होतं, 'पोरी, तुझी पहिलीच घोंगडी खरी होती, तशीच वीण.' वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलंही. पण ओट्यावर गावची माणसं बसली होती. सगळ्या गावात आजवर कुणी कुणाला चांगलं म्हटलं नव्हतं, ते आपणच पहिलं म्हणायचं? उद्या सगळे आपल्याला हसतील. त्याची जीभ काही रेटली नाही.

"अजून टोचतेच की," तो म्हणाला. "काठ तसाच. आणि ऊबही नाही."

ऊब नाही, हे मात्र त्या दिवशी खरं होतं. पण तिला खरं कुठलं आणि रीतीचं कुठलं, हे कसं कळावं? तिनं पुन्हा मान डोलावली. घरी येताना मायाप्पा स्वतःशी म्हणाला, पुढच्या वर्षी एकटी भेटली की सांगू. ती घोंगडी धाकट्या लेकीच्या लग्नात गेली.

आणि काय सांगू, एकटा मायाप्पाच होता असं नाही. गावातला जो तो तिच्या दारात जाऊन तीन तीन उणी काढून येत होता. शेवंता प्रत्येकाचं ऐकत होती. कुणी म्हणालं वीण फार घट्ट, तिनं सैल केली. कुणी म्हणालं खळीचा वास येतो, तिनं खळ कमी केली. रात्रंदिवस राबून ती आपलं चांगलं काम आपल्याच हातानं मोडत होती.

तिसऱ्या वर्षी मायाप्पाचे गुडघे धरले. मेंढरं घेऊन पठारावर त्याचा लेक सिदू जाणार होता, पहिल्यांदाच एकटा. त्याच्यासाठी घोंगडी हवी होती. शेवंतानं घडी उलगडली आणि म्हणाली, "मामा, या खेपेला खळ लावलीच नाही. बघा, टोचते का."

टोचत नव्हती. चादरीसारखी मऊ होती, आणि तेवढ्याच कामाची होती. त्या दिवशी ओट्यावर कुणीही नव्हतं. मायाप्पाला बोलायला मोकळं रान होतं. पण दोन वर्षं खोटं बोललो हे आता कबूल कसं करायचं, याची त्याला लाज वाटली. त्यानं सवयीनं तीन उणी काढली, घोंगडी काखेत मारली आणि निघाला. पावसाळा तर सरला, आता पाऊस कुठला यायला, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

पौषात अवकाळी पाऊस आला. पठारावर तीन दिवस गारा आणि पाऊस यांनी नुसतं झोडपून काढलं. चौथ्या दिवशी मेंढरं एकटीच खाली उतरली. माणसं धावत वर गेली आणि सिदूला उचलून घेऊन आली. घोंगडी त्याच्या अंगाला ओल्या फडक्यासारखी चिकटली होती. चार दिवस तो तापानं फणफणत होता. पाचव्या दिवशी गेला.

दहाव्याचे विधी झाल्यावर शेवंता मायाप्पाच्या दारात आली. ती उंबऱ्याबाहेरच बसली. "मामा, हे माझ्यामुळं झालं. तुम्ही दरसाल सांगत होता, माझ्याच हाताला गुण नाही. मी विणायलाच नको होतं."

मायाप्पाचा बांध फुटला. तो रडत रडत सगळं बोलला. पहिली घोंगडी कशी होती, पाणी कसं ओघळून गेलं, घरी येऊन तिचं किती कौतुक केलं, लोकांच्या भीतीनं तोंड कसं उघडलं नाही. "चूक माझी आहे गं. तुझ्यासारखे हात मी जन्मात पाहिले नाहीत. सिदूची आण घेऊन सांगतो."

आतून त्याची बायको म्हणाली, "खरं आहे, पोरी. माझ्यापुढं बोललेत ते."

शेवंता दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोटचा गोळा गेलाय तुमचा, आणि तुम्ही माझं मन राखताय," ती म्हणाली. "देवमाणसं आहात तुम्ही."

ती दोघांच्या पाया पडली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिनं माग उपसला आणि त्याची लाकडं चुलीत घातली. त्यानंतर ती लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली.

गावात पुढं परगावच्या घोंगड्या येऊ लागल्या. लोक त्यांचीही तीन उणी काढत, आणि आता ती तिन्ही खरी असत.

मायाप्पा फार थकला. तो रोज सकाळी शेताच्या वाटेवर काठी टेकून उभा राहतो. खुरपं घेऊन शेवंता आली की म्हणतो, "पोरी, या मुलखात तुझ्यासारखी विणकर झाली नाही."

शेवंता थांबते. पोराच्या दुःखानं म्हातारा भ्रमला, असं सगळं गाव म्हणतं, तिलाही तसंच वाटतं. ती त्याची पडलेली टोपी उचलून देते आणि मायेनं म्हणते, "हो मामा. न्याहारी केलीत का तुम्ही?"

आणि पुढं निघून जाते.

तात्पर्य एवढंच घ्या: ज्याच्या कामाचं मोल तुम्हाला कळलं आहे, ते त्याला वेळेत, त्याच्या तोंडावर सांगा. फार उशिरा सांगितलेलं खरं, नुसतं सांत्वन वाटतं.