गेनबांची छत्री

शेळकेवाडीत बायांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा, आणि तो बंद करायला टेंभेकर साहेब भर उन्हात टाय आवळून जिल्ह्याहून आले. "एकीला तरी येतंय का बघू, नाहीतर आजच कुलूप," म्हणाले आणि कोपऱ्यातली छत्री उचलली. "ही कुणाची?"

साठीच्या सगुणाबाईंचा वर्गावर भारी जीव. त्या उठल्या. "आमच्या मालकांची."

"मग त्यांचं नाव घेऊन इंग्रजीत सांगा."

सगुणाबाईंनी लाजून पदर तोंडाशी धरला. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतरच्या चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव त्यांनी ओठांवर आणलं नव्हतं.

साहेब खूश. "येत नाही ना?"

"येतं की. पण आमच्यात नाव उखाण्यातच घेतात. आधी तुम्ही बाईसाहेबांचं घ्या, म्हणजे माझी भीड चेपेल."

बायांनी लगेच दार अडवलं. नाव न घेता कोण सुटलंय? साहेब हातात चहाचा कप धरून तीनदा "चांदीच्या ताटात" म्हणाले आणि तिन्हीदा ताटातच अडकले.

"राहू द्या," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्हाला मराठीत जमेना, मी इंग्रजीत घेते.

वन कप, टू कप्स, साहेब पितात चहा,
ही गेनबाज अंब्रेला, सगळ्या जणी पाहा."

साहेबांनी मुकाट्यानं वर्ग चालू ठेवायच्या कागदावर सही केली.

बाहेर पायरीवर गेनबा छत्री न्यायला आले होते. उखाणा ऐकून ते तसेच उन्हात घरी निघाले. म्हणाले, "असू दे तिच्यापाशी. उद्या परत कुणी विचारलं तर?"