राघूच्या चोचीतले पत्र

करड्या डोंगराच्या पायथ्याशी साळू आणि तिचे आबा राहत. आबा पाथरवट होते. घरांच्या फाटकाशी ठेवायच्या दगडी टपालपेट्या घडवाव्यात तर त्यांनीच! एखादीवर नाजूक वेलबुट्टी, एखादीवर इवलीशी खारूताई, एखादीवर चिमुकले कमळ. पण दगडाची कपची उडून त्यांचा एक डोळा गेला, मागोमाग दुसराही विझला. वर्षभर आबांना ऊन आणि अंधार सारखेच होते. आता छिन्नी साळूच्या हाती आली होती, आणि साळू होती अवघी दहा वर्षांची.

तिची पहिली पेटी शेजारच्या गोदाक्कांची. गोदाक्कांची लेक पाच वर्षांपूर्वी रुसून कुठे निघून गेली, कुणालाच ठाऊक नव्हते. "तिचं पत्र आलंच, तर चांगल्या जागी पडू दे गं," त्या म्हणाल्या होत्या.

साळूने दगडाचा राघू घडवला आणि हिरवा हिरवा रंगवला. त्याची लाल रंगवलेली चोच आभाळाकडे उघडी ठेवली, म्हणजे पत्र थेट चोचीत पडेल.

"तोंडाला बाहेरच्या बाजूला उतार दिलास ना? वर छज्जा? नाहीतर पावसाचं पाणी आत शिरेल," आबांनी विचारले.

"दिला, आबा."

दिला नव्हता. छज्ज्याखाली ती लाल चोच झाकली गेली असती.

मग आठ दिवस पावसाची झड लागली. एका उदास दुपारी अंगणातल्या सोनचाफ्याखाली साळूला बारीक किणकिण ऐकू आली. कपच्यांच्या ढिगात बोटाएवढी परी अडकली होती. दगडाचा भुगा भिजून तिच्या पंखांवर थापला गेला होता. साळूने कोमट पाण्याने एकेक पंख धुतला, फुंकर घालून वाळवला. आतून मोरपंखी, केशरी, चंदेरी रंग लुकलुकले.

"एक इच्छा देते," परी संकोचून म्हणाली. "पण नियम आहेत हं. इच्छा पानावर लिहायची, आणि स्वतः घडवलेल्या पेटीत टाकायची. आत पडली की परत निघत नाही. माझी जादू फार मोठी नाही गं."

साळूने सोनचाफ्याच्या पानावर काट्याने लिहिले, 'आबांचे डोळे'. परीला खांद्यावर घेतले, आबांचा हात धरला आणि गोदाक्कांच्या फाटकाकडे निघाली.

"परी, म्हणतेस?" आबा हसले. "मग तिला आपल्या भुग्यात कशाला लोळवलंस?"

फाटकाशी गोदाक्का उभ्या होत्या. हातात ओला लगदा.

"बघ गं साळू! तुझ्या राघूनं माझ्या लेकीचं पत्र पिऊन टाकलं!"

शाई सगळी वाहून गेली होती. पत्ताही गेला होता. 'आई' एवढाच शब्द उरला होता.

आबांची बोटे राघूच्या चोचीत फिरली.

"उतार आत आहे," ते हळूच म्हणाले. रागावले नाहीत. त्याचेच साळूला जास्त लागले.

"परीताई, दोन्ही नाही का होणार?"

"नाही गं. मला तेवढं येत नाही." परीचे इवलेसे डोळे भरून आले.

साळूने आबांच्या विझलेल्या डोळ्यांकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. मग पान उलटले, कोऱ्या बाजूवर 'गोदाक्कांचे पत्र' असे लिहिले, पहिली बाजू काट्याने खरवडली आणि पान चोचीत सोडून दिले.

लगद्याचा कागद झाला. निळी निळी अक्षरे मुंग्यांसारखी रांगेने परत आली. गोदाक्का अडखळत वाचू लागल्या, "आई, राग गेला का गं? मी येऊ का? पत्ता खाली लिहिलाय..." आणि पुढे त्यांना वाचवेना.

"मी निघते," परी म्हणाली. "जाताना माझा थोडा उजेड सांडतो. तो इच्छेत धरत नाहीत. ज्याला लागेल त्यानं घ्यावा."

तिने पंख पसरले. गुलाबी, सोनेरी, मग शुभ्र लखलखाट झाला आणि परी त्यात विरून गेली. साळूने डोळे गच्च मिटले, गोदाक्कांनीही मिटले.

आबांनी मात्र मिटले नाहीत.

"साळू," ते एक पाऊल पुढे सरकले, "हे हिरवं काय आहे गं समोर? पुसट दिसतंय... राघू का?"

"हो, आबा!"

आबा वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले.

"देखणा आहे," ते म्हणाले. "उद्या त्याच्या डोक्यावर छज्जा बसवू. दोघं मिळून."