चार हातांची रचना

"…पण चूक त्यांचीच ना, बाई?"

एस्तेरबाई हिवाळे खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. एके काळी त्यांनी युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत पियानो वाजवला होता. आता अहमदनगरला आपल्या दोन खोल्यांत त्या शिकवत.

प्रश्न विचारणारा हेरंब दाबके त्यांचाच शिष्य. आता त्याचे कार्यक्रम देशोदेशी होत.

"वाद्यवृंदाचे संचालक नक्की काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"म्हणाले, मी वाद्यवृंदाला मागे टाकून पळतो. एवढी माणसं रेंगाळतात, त्यांना कोणी बोलत नाही. उद्या मुंबईला तालीम आहे. पुन्हा तसं झालं तर दुसरा वादक बोलावणार आहेत."

"सगळेच रेंगाळतात?"

"सगळेच."

"अरेरे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कुंडीकडे वळल्या.

दार वाजलं. एक जाडजूड, हसतमुख गृहस्थ आत आले. चपला काढून त्यांनी रुमालाने हाताचं एकेक बोट पुसलं.

"हे डॉक्टर लोंढे," बाई म्हणाल्या. "जन्मभर गुरांवर उपचार केले. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे शिकायला लागले. यांच्याबरोबर वाजवणाऱ्या बाई आज लेकीकडे गेल्यात. हेरंब, तू बस यांच्या डावीकडे. चार हातांची रचना आहे, एकाच पियानोवर दोघांनी वाजवायची. खालचा भाग तुझा."

"मी, बाई?"

"सोपा आहे. जमेल तुला."

हेरंबने मान खाली घातली आणि सुरुवात केली. डॉक्टर चौथ्या सुरावर असताना तो ओळीच्या शेवटी पोचला होता.

डॉक्टर थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"परत घेऊ या?"

परत घेतलं. हेरंब पुन्हा पुढे निघाला. तेव्हा डॉक्टरांनी आपला भला मोठा हात त्याच्या मनगटावर ठेवला आणि हळूच थोपटलं.

"होऽ… होऽ… सावकाश."

हेरंबने बाईंकडे पाहिलं. बाई कुंडीतली वाळकी पानं खुडत होत्या.

त्याने पुन्हा सुरुवात केली. आता त्याला डॉक्टरांच्या बोटांकडे बघावंच लागलं. कुठे थांबतील, कुठून मागे जातील, काही भरवसा नव्हता. ते अडले की तो अडायचा. ते एक ओळ मागे गेले की तोही निमूट मागे जायचा.

एका जागी डॉक्टरांचं बोट पट्टीवर नुसतंच तरंगत राहिलं. ही का ती, ठरेना.

हेरंबने खालचा सूर धरून ठेवला. सूर बारीक होत गेला… आणखी बारीक…

मग वरचा सूर आला. बरोबर होता. डॉक्टर मोठ्याने हसले. हेरंबच्या लक्षात आलं, इतका वेळ आपण श्वासच घेतला नव्हता. त्यालाही हसू आलं.

कसेबसे दोघे शेवटाला पोचले.

डॉक्टरांनी उठून चपला पायात सरकवल्या. जाता जाता हेरंबच्या खांद्यावर हात ठेवला.

"नवीन दिसता. मन लावून वाजवत जा, हळूहळू होईल."

दार लागलं.

हेरंबचे कान लाल झाले होते. "बाई, वेगवेगळ्या देशांतले लोक तिकीट काढून मला ऐकायला येतात, हे त्यांना सांगायचं नाही का?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आणि तुम्ही हसत होतात. पाठमोऱ्या होतात, तरी मला कळलं."

"खांदे हलत असतील," बाई म्हणाल्या.

मग हेरंबने पियानोचं झाकण अलगद मिटलं. मुंबईची गाडी गाठायची होती. पिशवी खांद्याला लावून तो दारापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

"बाई… उद्या तालमीला गेल्यावर त्या सगळ्यांना काय सांगू?"

एस्तेरबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"सांग, मी नवीन आलोय."