धाकूबाबाची चूल

"आपण तर इथंच बसायचं ना, बाबा?"

हिराजीने विचारलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

धाकूबाबा दर्याकडे बघत बसला होता.

सकाळची वेळ. बंदरावर धोक्याचा मोठा बावटा चढला होता. वादळ दुपारी किनाऱ्याला लागणार, असं भोंगेवाली रिक्षा तीनदा सांगून गेली. पोलीस पाटील दारोदार फिरून घसा बसवून घेत होता, टेकडीवरच्या शाळेत चला म्हणत होता. वाडीत चाळीस घरं. उठलं कोणीच नव्हतं.

धाकूबाबा एके काळचा तांडेल, होडीचा म्होरक्या. बायको गेली तशी त्याने होडी सोडली आणि वाडीच्या टोकाला, दर्यात शिरलेल्या खडपावर, उघड्या कातळावर, झोपडी घातली. अडल्यानडल्याला लोक त्याच्याकडे येत. हिराजी मात्र आला तो राहिलाच, बारा वर्षं, बाबाचा चेला म्हणून. त्याचा त्याला जरा ताठा होता. असतो माणसाला, काय करणार.

"पाटलाला मी सांगितलं," हिराजी म्हणाला, "भ्यायचं ते भितील. मागच्या वादळात आमचा बाबा जागचा हलला नाही. दर्या पायरीला लागला आणि मागं फिरला."

"माझ्या पायरीवरनं फिरला... मग कुठं गेला?"

हिराजीने चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं केलं.

मग हळूच म्हणाला, "लवूच्या घरात."

लवू म्हणजे चांगुणाबायचा नवरा. तो पडलेल्या भिंतीखाली मेलेला सापडला होता.

"तो का उठला नव्हता?"

"ते मला काय माहीत, बाबा."

बाबाने पाण्याचा तांब्या उचलला आणि चुलीत ओतला.

निखारे फुसफुसले. धूर एकदा वर आला आणि संपला.

बारा वर्षांत ती चूल दिवसाउजेडी विझलेली हिराजीने पाहिली नव्हती.

बाबाने चटई गुंडाळली, भाताचा टोप डोक्यावर घेतला आणि निघाला. झोपडीमागून पाखाडीच्या पायऱ्या थेट टेकडीवर जात. बाबा तिकडे वळला नाही. तो वाडीत शिरला.

हिराजी मागून म्हणत होता की ही वाट लांबची आहे, वारा सुटलाय, पोचायचं कधी. बाबा प्रत्येक दाराशी थांबे. तेच सांगे. मला भीती वाटते रे, चढ झेपत नाही, कोणीतरी बरोबर चला.

जाळं गुंडाळत बसलेला पांडू खलाशी हसला. "बाबा, दर्या तुला भितो म्हणतात. आणि तूच पळतोस?"

"तो भितो का, ते त्याला विचार. मी भितो."

पांडूचं हसू तिथंच राहिलं. त्याने एकदा खडपाकडे पाहिलं. मग आत जाऊन पोरं उठवली. मागोमाग आळीतली बाकीची घरंही एकेक करून उठू लागली.

हिराजी खाली मान घालून चालत होता. हेच बघायला का बारा वर्षं राहिलो, असं त्याच्या मनात येत होतं.

शेवटचं घर चांगुणाबायचं. पाटील तिच्याकडे चारदा जाऊन आला होता. चौथ्या खेपेला तिने त्याच्या अंगावर माशांची पाटी भिरकावली होती.

ती उंबऱ्यात बसली होती. तिने बाबाच्या डोक्यावरचा टोप पाहिला. मग त्याच्या खांद्यावरून लांब, खडपाकडे पाहिलं.

"धूर नाही आज," ती म्हणाली.

"नाही."

"त्या दिवशी होता. आमचा म्हातारा इथंच उभा होता, या दारात. म्हणाला, बाबाची चूल पेटलीय, आपण कशाला उठायचं."

हिराजीने चमकून वर पाहिलं.

बाबाने डोक्यावरचा टोप उतरवून हिराजीकडे दिला.

"हात धरतेस, बाय?"

त्याचा हात पुढे आला.

चांगुणाबायने त्या हाताकडे नुसतं बघितलं. मग उठली. कोंबडी बगलेत मारली आणि दुसऱ्या हाताने बाबाचा हात धरला.

"हळू चल. पायऱ्या निसरड्या आहेत."

दुपारी वादळ लागलं. शाळेच्या खिडकीतून दिसत होतं. आधी खडपावरची झोपडी गेली. मग खालची आळी. चांगुणाबायचं घर कधी गेलं ते कळलंही नाही. पाटील बसक्या आवाजात घराघराची नावं घेत होता आणि प्रत्येक नावामागून ओ येत होती.

हिराजी बाबाजवळ येऊन बसला. त्याच्याने राहवेना.

"बाबा, गाव म्हणतंय, बाबा भ्याला."

"कोण म्हणतंय?"

"सगळे."

"एकूण एक?"

"एकूण एक, बाबा. चांगुणाबायसुद्धा."

बाबाने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"मग झालं तर."